अंथरूण पाहून

३ मार्च

आधी तारीख घाल, सूनबाई. मागच्या खेपेला विसरलीस, आणि आता कुठलं भांडण आधीचं आणि कुठलं नंतरचं हे मलाच कळेनासं झालंय. दूध गॅसवर ठेवून विसरतेस, आमटीत मीठ विसरतेस, चष्मा कपाळावर चढवून घरभर शोधतेस — आणि म्हातारपण मात्र माझ्या नावावर. घातलीस? मग लिही.

हेही लिही की मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. तिच्याविषयी वाकडं बोलायचं झालं तरी तिलाच लिहावं लागतं. एवढं सुख कुठल्या सासूच्या नशिबी असेल?

तर आज बिल्डरचा माणूस आला होता. मी त्याचं नाव गुळगुळीत ठेवलंय. केस गुळगुळीत, गाल गुळगुळीत, आणि बोलणं असं की पाय पडला तर माणूस घसरून कंबर मोडून घेईल. म्हणाला, 'आजी, आता फक्त तुमचाच अंगठा राहिलाय.' अख्ख्या इमारतीनं सह्या दिल्या. आमची खोली माझ्या नावावर — ह्यांनी जाताना तेवढं एक शहाणपण केलं — म्हणून माझ्या अंगठ्यावाचून घोडं अडलंय. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. अंगठा दिला तर ही इमारत पाडून टॉवर उभा राहणार. नाही दिला तर बिल्डर दुसरीकडे तोंड घेऊन जाणार, आणि शेजारीपाजारी माझं नाव घेऊन बोटं मोडणार.

जाता जाता म्हणाला, 'आजी, तुम्हाला जेवढं कार्पेट मिळतंय ना, तेवढं या भागात कोणी देत नाही.' मी म्हटलं, रंग कुठला? तो हसला. मुलगाही हसला. मीही हसले, म्हटलं काहीतरी बरं बोलले असेन.

शेजारणीला सांगितलं की गालिचा फुकट मिळणार आहे. तिला आम्ही रेडिओ म्हणतो, म्हणजे पुढचं सांगायला नको. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरून विचारणा आली — दोन्ही खोल्यांना मिळणार का एकाच?

५ मार्च

कार्पेट म्हणजे गालिचा नव्हे. मुलानं आज समजावलं. बस चालवतो तो. दिवसभर लोकांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवतो आणि आपल्या घराचं बोलायला त्याला रात्रीच वेळ मिळतो. म्हणाला, 'आई, कार्पेट म्हणजे भिंतीच्या आतली जागा. जिथं गालिचा अंथरता येईल तेवढी.'

म्हणजे जो गालिचा देणार नाहीत त्याच्या मापानं घर देणार.

बरं, कागदावर दुसरंही एक माप आहे. त्याला सुपर म्हणतात. त्यात जिना येतो, लिफ्ट येते, खालची वॉचमनची खोली येते, लिफ्टसमोर ताटकळायची जागा येते. सगळं थोडं थोडं आपल्या नावावर. मी म्हटलं, वॉचमनच्या खोलीत माझा जो वाटा आहे तिथं मी खुर्ची टाकून बसू का? म्हणाला, 'आई, तू ना.' हे त्याचं ठरलेलं उत्तर. लहानपणी 'आई, तू नाऽऽ' म्हणायचा, आता आखडतं घेतो.

रेडिओनं मात्र गालिच्याची बातमी मागे घेतलेली नाही. म्हणते, एकदा सांगितलं ते सांगितलं.

८ मार्च

गुडघा बरा होता म्हणून सुनेबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले. फार दिवसांनी. शिसारी आली.

पूर्वी तिथं शिंप्याचं दुकान होतं, चाकं दुरुस्त करणारा होता, वरती माणसं राहायची आणि कठड्यावर पाय टाकून रस्त्याला नावं ठेवायची. आता सगळं काचेचं. काच म्हणजे काय, आतला दिसत नाही आणि बाहेरच्याला स्वतःचंच तोंड दिसतं. मला माझं दिसलं. त्यात काही पाहण्यासारखं राहिलेलं नाही, हे मला घरबसल्याही ठाऊक होतं.

खालचे मजलेच्या मजले गाड्यांचे. त्यांना मोठमोठ्या जाळ्या, भरपूर वारा. माणसं त्याच्या वर, आणि त्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत. म्हणजे गाडी मोकळा श्वास घेते आणि मालक यंत्रातून हवा ओढतो. दारावर कुठल्या तरी परमुलखातल्या शहराचं नाव. आत हिरवळ — प्लास्टिकची. तिला पाणी घालत होता एक माणूस. लिही हे, शपथेवर सांगते. धूळ बसते म्हणून धुतो म्हणाला.

एवढी उंच इमारत आणि सावली म्हणून नाही. दिवसभराची सावली पडते कुठे, तर समोरच्या गरिबाच्या खोलीत. तिथं भर दुपारी दिवा. इमारत कसली, दुसऱ्याच्या उन्हाची चोरी ती.

घरी येऊन पाय धुतले, तोंड धुतलं, तरी तोंडाची कडू चव जाईना.

९ मार्च

आज सून लिहीत नव्हती, बोलत होती. म्हणून तिचं बोलणं आधी. तिनं नको म्हटलं, मी म्हटलं वही माझी आहे.

म्हणाली, 'आई, तुम्ही काचेला नावं ठेवता, बरोबर आहे. पण मी या घरात आले तेव्हापासून गॅलरीच्या टोकाला संडासाच्या रांगेत उभी राहते. हातात बादली घेऊन. कोण कधी गेलं, किती वेळ बसलं, हे अख्ख्या मजल्याला माहीत. आंघोळीला मोरी आणि पडदा. पलीकडे तुमचा मुलगा पेपर वाचतोय, तुम्ही भाजी निवडताय. मला एकदा आपल्या घरातल्या दाराला आतून कडी लावायची आहे. बाकी गालिचा, काच, काही नको.'

मी भाजी तशीच ठेवली आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन ती रांग बघून आले. 

मुलगीही मोठी होतेय तिची. तिचंही हेच व्हायचं.

११ मार्च

मुलगा चिडला. अंगठा कधी देणार म्हणून.

मी म्हटलं, घर न बघता? भाजीवालीकडून वांगं घेताना मी देठाशी दाबून बघते.

म्हणाला, 'आपण काय बंगला मागायचा का? मिळतंय ते घ्यावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आई.'

मला म्हणी शिकवतो. माझ्याच तोंडून ऐकलेल्या.

म्हटलं, बरं. दाखव मग अंथरूण.

१४ मार्च

आज अंथरूण पाहिलं. सविस्तर लिही, हात दुखला तर दुखू दे.

बिल्डरचं ऑफिस मोठ्या रस्त्यावर. आत शिरताच पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या — आपण जणू घाणीतून आलोय. गारठा इतका की मढं टिकावं. आणि वास. फुलांचा म्हणे. कुठल्याही फुलाला असला वास आला असता तर भुंग्यानं जीव दिला असता.

मधोमध काचेच्या पेटीत टॉवरचं खेळणं. छोटे दिवे, छोटी झाडं, छोटी माणसं, एक छोटं कुत्रंसुद्धा. मी विचारलं, आपली इमारत कुठली? गुळगुळीत म्हणाला, 'आजी, हा विक्रीचा टॉवर. तुमची मागच्या बाजूला.' मागे जाऊन बघितलं. पांढरा ठोकळा. म्हटलं, हिला खिडक्या नाहीत?

'आहेत ना. मॉडेलमध्ये दाखवल्या नाहीत.'

कुत्रं दाखवलंय पण.

मग सॅम्पल फ्लॅट. म्हणजे नमुन्याचं घर, ऑफिसातच बांधून ठेवलेलं. गिऱ्हाइकांना हेच दाखवतात. 'तुमचा याच धर्तीवर, आजी. फक्त थोडा आटोपशीर.' आटोपशीर म्हणजे लहान. लहान म्हणायची लाज वाटली की आटोपशीर म्हणतात.

खरं सांगते, पहिल्यांदा मीही भुलले. खोल्या कशा ऐसपैस. सोफा, टेबल, पलंग, सगळं मांडून चहूकडे फिरायला जागा. सून तर न्हाणीघरासमोर अशी उभी राहिली की तिला हाक मारायचं माझ्या जिवावर आलं. पांढरंशुभ्र. नळ चकचकीत. शेगडी काळ्या काचेची. मुलगा माझ्याकडे बघून भुवया उडवतोय — बघितलंस? टेबलावर परडीत सफरचंदं. लाल, टपोरी. मी दोन उचलली. एक नातीसाठी पिशवीत टाकलं, एक मला. पाहुण्यांसाठीच ठेवतात ना?

चावले. मेण.

कवळी रुतून बसली. गुळगुळीत 'आजी, आजी, डिस्प्ले आहे तो' करत धावला. तोंडात सफरचंद, त्यामुळे मला त्याला काही बोलता येईना, आणि माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरतं समाधान दिसलं. ते मी लक्षात ठेवलंय.

मग शेगडीची कळ फिरवली. फिरतच नाही. नळ — कोरडा. म्हटलं, नमुना आहे, चालायचंच. पण मन खट्टू झालं. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मला माहीत आहे. पण शीतच मेणाचं असेल तर?

आतल्या खोलीत एक कोनाडा होता, पडद्यामागे. खिडकी नाही, झरोका नाही. पाटी होती, सून म्हणते 'युटिलिटी' लिहिलं होतं, म्हणजे धुणं-अडगळ ठेवायची जागा. गुळगुळीत खालच्या आवाजात म्हणाला, 'बऱ्याच फॅमिलीज इथं आजीआजोबांची सोय करतात. शांत राहतं.'

शांत राहतं. मढ्याच्या पेटीतही शांत राहतं.

त्याच पावली गुडघा दुखतो म्हणून मोठ्या खोलीतल्या पलंगावर आडवी झाले. आणि पाय बाहेर. घोट्यापासून पुढे सगळे बाहेर, हवेत. वर सरकले तर डोकं फळीला टेकलं. पुन्हा खाली सरकले, पाय पुन्हा बाहेर.

सगळे हसले. 'आजी उंच आहेत.' आहेच मी उंच. हे मला शिडी म्हणायचे, माळ्यावरचं काही काढायचं असलं की हाक मारायचे. तेव्हा मीही हसले. पण तसेच पाय हवेत ठेवून मी छताकडे बघत पडले होते, आणि काहीतरी खुपत होतं. काय ते सापडेना.

१५ मार्च

कवळीतून अजून मेण निघतंय. नातीनं तिचं सफरचंद जपून ठेवलंय. म्हणते, आजी, हे कधी सडणार नाही.

१८ मार्च

इमारतीत मी आता गोष्टीतली म्हातारी झालेय. जिन्यात पोरं 'सफरचंद' म्हणून पळतात. रेडिओ सांगते की मी ऑफिसातली अख्खी परडी खाल्ली.

तिनं मला खालच्या आवाजात विचारलं, 'का गं, का अडवून धरलंयस? लोक चिडलेत.' मी म्हटलं, पलंगावर पाय मावत नाहीत. म्हणाली, 'मग तुझा पलंग घेऊन जा की. पाय मावत नाहीत म्हणून कोणी टॉवर सोडतं का?'

पलंग घेऊन जा. ती बोलून गेली, आणि मी इथं आमच्या पलंगावर पडले. हे आणि मी यावर झोपलो, मुलगा यावर वाढला. पाय बाहेर जात नाहीत. ह्यांनी तर माझं माप घेऊन बनवून घेतलेला नव्हता. बाजारातला साधा पलंग.

मग मी उंच कशी?

२१ मार्च

आज पुन्हा गेले. मुलाला सांगितलं नाही. सुनेला घेऊन गेले. ती मुद्दाम. ती बुटकी आहे — लिही, बुटकीच लिही, ठेंगणी काय लिहितेस. माळ्यावरचं सोड, तिला मधल्या फळीवरची साखरही मीच काढून देते.

गुळगुळीतला वाटलं अंगठा घेऊन आलो. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, एकदा सुनेला बघू दे. आत नेलं तिला. म्हटलं, झोप.

'आई, इथं? लोक आहेत.'

झोप म्हटलं.

झोपली. आखडून, पदर सावरून. मग मी म्हटलं, सरळ हो. झाली. आणि तिचेही पाय बाहेर. तिचे! बोटं नाहीत नुसती, टाचांसकट पावलं.

ती तशीच पडून राहिली. मी तिच्या पायांकडे बघितलं, तिनंही मान उचलून बघितलं. कोणी हसलं नाही.

मग मीच हिंडून बघितलं. सोफा — बसले तर गुडघे कानाशी. टेबल बाहुलीच्या लग्नातलं. कपाटात हात घातला तर मनगट आत जाईपर्यंत मागची फळी लागली. शर्ट टांगायचा तर घडी घालून टांगावा लागेल. म्हणजे खोली मोठी नव्हतीच. पलंग छोटा होता. सामान कापून कापून खोलीला मोठं केलेलं.

गुळगुळीतला विचारलं. म्हणाला, 'फर्निचर इंडिकेटिव्ह असतं, आजी.'

'म्हणजे?'

'अंदाज यावा म्हणून.'

आला म्हटलं. आला अंदाज.

मला आयुष्यात लोकांनी फसवलंय. वजनात, कापडात, औषधात. पण माणसाचं माप चुकवून माणसालाच उंच म्हणणारे मी पहिल्यांदा बघितले.  आणि मुलगा म्हणतो अंथरूण पाहून पाय पसर. अरे, अंथरूणच कापून ठेवलंय, आणि दोष पायांना.

२२ मार्च

काल घरी आल्यावर सुनेनं आधी नळाच्या रांगेत जाऊन बादली भरून आणली. मग भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, 'तुमच्या लक्षात आलं का आई, तिथं दारंच नव्हती. न्हाणीघरालासुद्धा. मी पहिल्या दिवशी इतकी बघत उभी राहिले, आणि मला दिसलं नाही. दार बसवलं असतं तर उघडायला जागाच उरली नसती.'

आतून कडी लावायची म्हणून जिचा जीव अडकलाय, तिला बिनदाराचं न्हाणीघर दाखवून भुलवलं.

हे लिहिताना तिचं अक्षर बिघडलंय म्हणते. बिघडू दे.

२५ मार्च

इमारतीची सभा. खालच्या चौकात, सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या आणल्या. गुळगुळीत आला होता, मऊ बिस्किटं घेऊन.

मी म्हटलं, मला नकाशा हवा. खऱ्या मापाचा, दारं उघडलेली दाखवलेला, खऱ्या माणसाचा पलंग काढलेला. आणि आमच्या ठोकळ्याला खिडक्या. मग अंगठा.

गोंधळ झाला. खालच्या मजल्यावरचा म्हणाला, 'म्हातारी आमचं नुकसान करणार.' दुसरा म्हणाला, 'तिला काय, तिचं संपलं आयुष्य.' मुलगा मान खाली घालून बसला होता. मग सून उठली. आजवर सभेत कधी बोललेली नाही. म्हणाली, 'माझेही पाय बाहेर आले.' एवढंच. आणि खाली बसली. कोणाला काही कळलं नाही. मुलाला कळलं. त्यानं तिच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

गुळगुळीत मात्र गोड. सगळ्यांदेखत माझा हात धरून म्हणाला, 'आजी, तुमचा गैरसमज झालाय. केव्हाही या, हवा तितका वेळ राहा, मनाची खात्री करा. घर आपलंच समजा.'

मी म्हटलं, पुन्हा बोला.

'घर आपलंच समजा, आजी.'

रेडिओ, ऐकलंस? — म्हटलं. ऐकलं म्हणाली. म्हणजे गावानं ऐकलं.

कार्पेटला मी गालिचा समजले तेव्हा सगळे हसले होते. शब्दाला धरून चालणारी बाई आहे मी, काय करू.

२८ मार्च

मुलाकडे त्याची जुनी बॅग मागितली. कशाला म्हणाला. 'शब्दाला जागायला.' 'आई, तू ना' म्हणाला. पण बॅग पुसून आणून दिली, चेन नीट लागते का तेही बघितलं.

३० मार्च

फोनवरून सांगतेय, लिही. तारीख घाल.

ऑफिस उघडलं तशी आत आले, गुळगुळीतला त्याचा शब्द परत केला आणि त्या पलंगावर आडवी झाले. अंथरूण पाहिलं, पाय पसरले. बाहेर आहेत. गिऱ्हाइकं जोडीजोडीनं येतात, माझ्याकडे बघतात, मग पायांकडे, मग एकमेकांकडे. एक बाई स्वतः शेजारी झोपून बघून गेली. मी कोणाला काही बोलत नाही. एवढ्या गारठ्यात गुळगुळीतला घाम आलाय, मालकाला फोनवर 'खरा नकाशा' म्हणताना दोनदा ऐकलं. अंगठा माझ्याजवळच आहे, चादरीच्या आत. दुपारी रेडिओ येतेय, तिला सोफा देईन. संडासाला ऑफिसातला वापरते — त्याला दार आहे. आतून कडीसुद्धा. तू येशील तेव्हा दाखवते.

शेगडी नुसती दाखवायची आहे, नळ कोरडा आहे, तेव्हा शिजवलेलंच पाठव. मऊ भात, चार उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा. मीठ विसरू नकोस. आणि सफरचंदं पाठव — खरी.